टाकीखालची टाकी

वनमालाबाई लेल्यांच्या घरात रिकामं भांडं सापडणं कठीण. ग्वाल्हेरला त्यांच्या गल्लीत नळ एक दिवसाआड येतो, तोही पाऊण तास, आणि उन्हाळ्यात आला तर आला. त्यामुळे नळाची पहिली गुळणी ऐकू आली की हंडा, कळशी, बादल्या, पातेली, वेळेला कुकरसुद्धा, सगळं काठोकाठ भरायचं. लग्न होऊन या घरात आल्यावर सासूबाईंनी पहिल्या आठवड्यात शिकवलेली गोष्ट हीच. भांडं अर्धं भरलेलं दिसलं तर त्या म्हणत, "उरलेल्या अर्ध्यात काय हवा पिणार आहेस?" सासूबाई जाऊन वीस वर्षं झाली, सवय राहिली. ही सवय वनमालाबाईंना एका रविवारी चांगलीच नडली.

बाई राहतात हरिशंकरपुरमात, तळमजल्यावर, यजमान गुरुप्रसादांबरोबर. एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत विज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहाय्यक होत्या. शिकवायच्या बाई वेगळ्या. यांचं काम काचेच्या नळ्या धुणं, आम्लं मोजून ठेवणं, प्रयोग आधी स्वतः करून बघणं. पण मुली अडल्या की यांच्याकडेच यायच्या. बोलणं कमी, हात नेटका. कुठलाही कागद हाती घेतला की आधी वर 'श्री' लिहायचं आणि मग पुढचं, मग ती वाणसामानाची यादी का असेना.

आणखी एक सवय त्यांच्या आईकडून आलेली. संध्याकाळी देवापाशी दिवा लावताना, दिवसभरात ज्याच्यामुळे आपलं काही सोपं झालं अशा एका माणसाचं नाव घ्यायचं. मोठ्यानं नाही, मनात. भाजीवाला, रिक्षावाला, पलंगाखालची सुई शोधून देणारी शेजारची तन्वी, कोणीही. देवाला आपली मागणी सांगायची नाही, त्या माणसाचं नाव सांगायचं. यंदाच्या उन्हाळ्यात मात्र बरेच दिवस त्या नुसताच दिवा लावत होत्या. नाव सुचत नव्हतं असं नाही, मनच लागत नव्हतं.

त्याला कारण गुरुप्रसादांचा खुबा.

गुरुप्रसादांनी समुद्र आयुष्यात एकदाच पाहिला. लेल्यांचं कुलदैवत कोकणात. लग्नानंतर दोघं दर्शनाला गेली, तेव्हा देवळातून बाहेर पडून हे गृहस्थ नव्या धोतरानिशी गुडघाभर पाण्यात जाऊन उभे राहिले ते हलेचनात. पुढे नोकरी, मुलगी, आईवडिलांची आजारपणं, पुन्हा जाणं झालं नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी नया बाज़ारातल्या सौरवच्या दुकानात खाऱ्या पाण्याची टाकी पाहिली आणि घरी येऊन म्हणाले, "अगं, समुद्र मिळतोय. तीन फुटी."

ती टाकी लोखंडी स्टँडवर, त्यांच्या पलंगासमोर, गेली सहा वर्षं. तिच्यात दोन मासे, केशरी, अंगावर पांढरे पट्टे. मोठी ती मादी, छोटा तो नर. त्यांची नावं यजमानीणबाई आणि यजमान. "आकारावरून कळतंच कोण कोण ते," असं गुरुप्रसाद आल्यागेल्याला सांगत आणि बायकोकडे बघत. शिवाय एक गोगलगाय, तिला नाव नाही.

खाऱ्या पाण्याचं एक असतं. उन्हाळ्यात पाणी उडून जातं पण मीठ मागे राहतं, म्हणजे पाणी दिवसेंदिवस जास्त खारट होत जातं. म्हणून रोज जेवढं उडालं तेवढं शुद्ध गोडं पाणी वरून घालायचं. ग्वाल्हेरची चैत्र-वैशाखातली हवा त्या टाकीतलं पाणी रोज बोटभर पिते. गुरुप्रसाद रोज सकाळी स्टुलावर चढून तांब्या-तांब्यानं पाणी घालत. पाडव्यानंतरच्या आठवड्यात स्टूल सरकलं आणि ते खाली आले. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पट्टी बसवली, महिन्याभरानं वॉकर घेऊन चार पावलं टाकू लागले.

इंदूरहून श्रुती, त्यांची लेक, येऊन राहून गेली. जाताना तिनं स्टूल कामवाल्या बाईला देऊन टाकलं. फोनवर रोज तिचं एकच. "आई, तू पण चढायचं नाही हं. तुझे गुडघे बघ. बस, बहुत हो गया, वो मछलियाँ दे दो किसी को."

वनमालाबाई खुर्ची ओढून, भिंतीला धरून, कसंबसं पाणी घालत होत्या. ते गुरुप्रसादांना पलंगावरून दिसत होतं. एके दिवशी कोथिंबीर निवडताना बाईंना त्यांचा फोन ऐकू आला.

"सौरव, मछलियाँ ले जाओ. हाँ, दोनों. टाकी भी." मग थोडं थांबून, "नहीं नहीं, कुछ नहीं चाहिए."

फोन ठेवून त्यांनी कूस बदलली, भिंतीकडे. त्या दिवसापासून त्यांनी टाकीकडे बघणंच सोडलं. पोळी एकावर आली. बाईंनी विचारलं तर म्हणाले, "देऊन टाकायचंच आहे, मग उगीच कशाला बघायचं." एवढंच. पण बाईंना पुढचं न बोललेलंही कळलं. मासे जातील हे दुःख होतंच. पण आपल्याला घरात आता एकही काम उरलं नाही, हे त्याहून मोठं होतं. आधी हे माणूस सकाळी उठायचं ते माशांना पाणी घालायला. आता उठायचं कशाला?

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः नया बाज़ारात गेल्या.

"सौरव, तीन रविवार थांब," त्या म्हणाल्या. "टाकीत पाणी खालून घालता आलं पाहिजे. वर चढायला नको. अशी काही सोय असते का?"

सौरव तिशीतला, दुकानात उभ्याउभ्याच जेवणारा. हसून त्यानं दुकानातल्या मोठ्या टाकीखालचं कपाट उघडलं. आत दुसरी टाकी होती, काचेच्या पट्ट्यांनी कप्पे पाडलेली. "आंटीजी, इसको सम्प बोलते हैं."

वरचं पाणी नळीनं खाली उतरतं, पहिल्या कप्प्यात गाळलं जातं, पट्टीवरून, मग पट्टीखालून असं फिरत शेवटच्या कप्प्यात येतं, आणि तिथून पंप ते परत वर चढवतो. वरच्या टाकीतली पातळी मग कधी हलत नाही. उडालेलं पाणी कमी होतं ते खालच्या शेवटच्या कप्प्यात. तिथंच घालायचं. स्टूल नाही, खुर्ची नाही. बाईंनी दुकानात बैठक मारली आणि पिशवीतली वही काढून, वर श्री लिहून, सगळं चित्र उतरवून घेतलं. दोन गिऱ्हाइकं त्यांना ओलांडून गेली.

"रेडीमेड मँगवा दूँ?"

पण तयार मिळायचं ते त्यांच्या स्टँडच्या आडव्या पट्टीखाली बसत नव्हतं. घरी माळ्यावर श्रुतीच्या लहानपणची सोनमाशांची दोन फुटी टाकी होती, तिच्यात दिवाळीच्या पणत्या ठेवलेल्या. माप घेतलं. बरोबर बसत होती.

पट्ट्या कापायला त्या जयेंद्रगंजात दौलतसिंहांच्या काचेच्या दुकानी गेल्या. दौलतसिंहांनी चष्म्यावरून पाहिलं. "अरे, मैडमजी! हमारी हर्षिता आपकी लैब में थी. एक बार नली तोड़ी थी, आपने डाँटा नहीं था."

"तोडली होती खरी," बाई म्हणाल्या. "दोन तोडल्या होत्या. दुसरीचं तिनं घरी सांगितलं नाही वाटतं."

दौलतसिंह मोठ्यानं हसले. तीन पट्ट्या कापून, कडा घासून बोथट करून दिल्या, आणि काच चिकटवायचं सिलिकॉन कसं लावायचं, बोटाला साबणाचं पाणी लावून कसं सारखं करायचं, ते एका तुटक्या काचेवर करून दाखवलं. "काँच के साथ जल्दी मत करना. जब तक सिरके की बास आए, पानी मत डालना." व्हिनेगरचा वास पूर्ण जाईपर्यंत थांबायचं. बाईंना हे शिकवायला नको होतं, पण त्यांनी ऐकून घेतलं. कोणी मनापासून शिकवत असेल तर आधीच येतंय असं म्हणू नये, असं त्यांना वाटतं.

काम पलंगाच्या पायथ्याशीच चाललं, कारण मोकळी जमीन तेवढीच. मधली पट्टी तळापासून इंचभर वर राहायला हवी होती, तिच्याखालून पाणी जायला. बाईंनी टेकू म्हणून देवघरातले उदबत्तीचे दोन पुडे खाली ठेवले. सिलिकॉन ओढलं. बोट फिरवलं.

"तिरपी बसलीय," भिंतीकडून आवाज आला.

बाईंनी वळून पाहिलं. गुरुप्रसादांची पाठ अजून त्यांच्याकडेच होती, पण मान फिरली होती.

"कुठे?"

"डावीकडे. सुपारीएवढी."

खरंच तिरपी होती. सरळ केली. मान पुन्हा भिंतीकडे वळली नाही. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "त्या स्पंजचे तुकडे मला दे, बसल्याबसल्या कापतो." तिसऱ्या दिवशी टाकीत नाक घालून वास बघायचं काम त्यांनी आपल्याकडे घेतलं. बाई टाकी उचलून पलंगावर ठेवत, ते हुंगत आणि निकाल देत. "अजून आहे." चौथ्या दिवशीही आहे. पाचव्या दिवशी म्हणाले, "आता नुसता उदबत्तीचा."

खालच्या कप्प्यापर्यंत वाकणं त्यांना डॉक्टरांनी मना केलेलं. म्हणून बाईंनी शाळेतून निरोपाला मिळालेलं काचेचं नरसाळं काढलं, त्याला नळी जोडून ती शेवटच्या कप्प्यात सोडली, आणि नरसाळं स्टँडच्या पायाला सुतळीनं बांधलं, खुर्चीत बसलेल्या माणसाच्या हाताशी येईल असं. गुरुप्रसादांनी ते पाहिलं. त्या रात्री दुसरी पोळी मागून घेतली.

शुक्रवारी नळ्या जोडल्या. वरून उतरणारी नळी टाकीच्या काठाशी टांगलेल्या छोट्या डब्यातून निघत होती, काठाशी आलेलं पाणी तेवढंच खाली नेणारी; तिच्यातली हवा तोंडानं ओढून काढायची होती. शाळेत अशा हजार नळ्या ओढल्या असतील. बाईंनी ओढली, आणि एक खारट घोट तोंडात आला. पंचेचाळीस वर्षांपूर्वी याच माणसाच्या मागे पाण्यात गेल्या होत्या, तेव्हा लाट तोंडावर आली होती. तीच चव.

पंप लावला. पाणी खाली उतरलं, फिरलं, वर चढलं. परत वर येणारी नळी मात्र टाकीत पाणी सोडताना खळखळ करत होती. गुरुप्रसादांची दुपारची झोप मोडेल म्हणून बाईंनी नळीचं तोंड वीतभर खोल ढकललं. आवाज बंद. शनिवारी नळ आला. गोडं पाणी गाळून, समुद्राचं मीठ मोजून मिसळून, गुरुप्रसादांनी खारेपणा मोजायच्या काचेतून बघून "बरोबर" म्हटल्यावर, बाईंनी खालची टाकी भरली. काठोकाठ. भरताना वेगळा विचार मनात आलाच नाही. टाकीला हळदकुंकू लावलं.

रविवारी अकराला सौरव आला. बरोबर थर्मोकोलचं खोकं आणि मासे न्यायच्या पिशव्या. तीन रविवार संपले होते. चाललं तर मासे राहतील, नाही तर आजच जातील, असं ठरलेलं.

गुरुप्रसाद त्याला दाखवायला वॉकर घेऊन उभे राहिले होते. "देखो, पट्टियाँ देखो. घर में बनाई है."

सौरव वाकला. पट्ट्यांवरून बोट फिरवलं, मान डोलावली. "अंकलजी, फर्स्ट क्लास. आंटीजी, पर ये इतना लबालब क्यों..."

आणि लाइट गेली.

इन्व्हर्टरवर पंखा, दोन दिवे आणि माशांना हवा देणारा छोटा पंप. मोठा पंप नाही. तो थांबला, आणि वर चढणारं पाणी उलट फिरलं. वीतभर खोल बुडवलेली नळी आता वरच्या टाकीतलं पाणी खाली ओढू लागली. खालची टाकी आधीच काठोकाठ. पाणी काठावरून उतरलं, फरशीवर पसरलं, आणि सरळ वॉकरच्या रबरी पायांकडे निघालं.

"अहो, हलू नका! जिथं आहात तिथंच!"

बाईंचा आवाज इतका मोठा गेल्या कित्येक वर्षांत कोणी ऐकला नव्हता. त्या धावल्या, सौरव धावला. दोघांनी दोन्ही काखांत हात घालून गुरुप्रसादांना पलंगावर बसवलं, पाय वर घेतले. पाणी पलंगाखाली शिरलं. आणि बाई तिथंच उभ्या राहिल्या. एकतीस वर्षं मुलींना हाच प्रयोग दाखवलेला, पण हात हलेना. डोळ्यांसमोर नुसता वॉकर घसरताना दिसत होता.

"वनमाला, हवा!" पलंगावरून गुरुप्रसाद ओरडले. "नळीला हवा लागू दे! तूच घरी म्हणून दाखवायचीस ना, हवा लागली की धार तुटते!" मग सौरवकडे वळून, "पाइप ऊपर खींचो!"

सौरव उंच. हात लांबवून त्यानं नळीचं तोंड पाण्याबाहेर ओढलं. नळीनं एक सुस्कारा सोडला आणि पाणी थांबलं.

वरच्या टाकीत यजमानीणबाई एका कोपऱ्यात, यजमान तिच्या मागे. फरशीवर दोन-तीन बादल्या समुद्र.

बाई पदरानं हात पुसत म्हणाल्या, "सौरव, घेऊन जा बाबा मासे. ज्याला जपायला हे सगळं केलं, त्याच्याच पायाखाली पाणी सोडलं मी."

सौरव खोक्याकडे वळला नाही. तो गुरुप्रसादांकडे बघत होता, कारण गुरुप्रसाद हसत होते. आवाज न करता, पोट हलवत.

"काय झालं हसायला?"

"अगं, पट्ट्या बरोबर, नळ्या बरोबर, सगळं बरोबर. तू फक्त ते भरलंस." त्यांनी डोळे पुसले. "आईनं सांगितलं म्हणून भरलंस."

"मग काय रिकामं ठेवायचं?"

"वरचं पाणी खाली आलं तर त्याला बसायला जागा नको?"

बाईंनी खालच्या टाकीकडे पाहिलं. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना भरलेल्या भांड्यात चूक दिसली.

"सौरव," त्या म्हणाल्या, "तुझी घाई आहे का?"

"आंटीजी, आज तो संडे है."

मग तिघांनी मिळून केलं. फरशी कोरडी केली ती आधी. बाईंनी दोनदा पुसली आणि अनवाणी पाय घासून बघितली. सौरवनं नळीचं तोंड वर घेतलं, जेमतेम पाण्याखाली राहील असं, आणि त्याच्या किंचित वर तापवलेल्या सुईनं एक भोक पाडलं, म्हणजे पाणी जरा उतरलं की भोक उघडं पडून नळीला आपोआप हवा लागेल. थोडी खळखळ राहणार होती. "राहू दे," गुरुप्रसाद म्हणाले, "समुद्र काय गप्प असतो?" वरची टाकी पुन्हा भरली, आणि खालच्या टाकीत शेवटचा कप्पा अर्धा रिकामा ठेवला. तो ठेवताना बाईंच्या हाताला फार कष्ट पडले.

लाइट यायला पाऊण तास लागला. तेवढ्यात सौरवनं दोन पेले कैरीचं पन्हं घेतलं. पंप चालू झाला. पाणी फिरायला लागलं. मग बाई स्वतः बटणापाशी गेल्या, गुरुप्रसाद पाय वर घेऊन बसले आहेत ना हे पाहिलं, देवाचं नाव घेतलं आणि बटण बंद केलं.

पाणी खाली आलं. चढलं. पट्टीच्या वर गेलं. गुरुप्रसाद पलंगावरून मोठ्यानं बोटं मोजत होते, काठाला किती उरली ती. "सहा... पाच... चार..."

चारवर थांबलं. भोकातून हवा लागली, नळीनं सुस्कारा सोडला.

पुन्हा चालू, पुन्हा बंद. पुन्हा चार बोटं. तिसऱ्यांदाही चार.

बाईंनी पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा घेतला, त्यावर 'श्री' लिहिलं, खाली एक रेघ ओढली, आणि शेवटच्या कप्प्यावर बाहेरून चिकटवला. या रेघेच्या वर कधीही भरायचं नाही. सौरव रिकामं खोकं काखेत मारून निघाला. दारात म्हणाला, "आंटीजी, मेरे दुकान वाले में भी ये लाइन नहीं है. आज लगाता हूँ."

श्रुतीचा फोन आला तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती आधी ओरडली, मग म्हणाली, "बाबा, सच में, नरसाळ्यातून?" आणि फोन व्हिडिओवर घ्यायला लावला. गुरुप्रसाद खुर्चीत बसले, तांब्या घेतला, आणि नरसाळ्यात शांतपणे पाणी ओतलं. रेघेपर्यंत. थांबले. "बघ," ते लेकीला म्हणाले, "उद्यापासून सकाळी साडेसहाला."

संध्याकाळी बाईंनी देवापाशी दिवा लावला. मागे खळखळ चालू होती. आज कोणाचं नाव घ्यावं याला तोटा नव्हता. सौरव होता, दौलतसिंह होते, श्रुती होती, पलंगावरून हवा म्हणून ओरडणारा माणूस तर होताच.

"आज कोणाचा नंबर?" गुरुप्रसादांनी विचारलं. इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं.

"त्याचं नाव मला माहीत नाही."

"म्हणजे?"

"वीज कचेरीत कोणीतरी असेल ना, ज्यानं अकरा वाजता लाइट घालवली."

"त्याला तर तू रोज बोल लावतेस."

"आज नाही लावणार." बाईंनी वात थोडी पुढे सारली. "आणखी चार तासांनी घालवली असती तर सौरव नसता. मी मागे कपडे वाळत घालत असते. आणि तुम्ही एकटे बाथरूमला निघालेले असता."

गुरुप्रसादांनी वॉकर जवळ ओढला, सावकाश उभे राहिले, कोरड्या फरशीवरून चार पावलं टाकत देवघरापर्यंत आले, आणि बायकोशेजारी उभं राहून हात जोडले.